येणाऱ्या यंत्राची वाट आणि हाताशी असलेले काम
(ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवानिमित्त कडोली येथे दिलेले व्याख्यान)



दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरविणाऱ्या ह्या गावात साहित्यावर बोलणारे पुष्कळ येऊन गेले. मला मात्र संगणकावर बोलावयास सांगण्यात आले आहे. शतकमहोत्सवात हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. शंभर वर्षे ज्या दाखल रजिस्टराने पुस्तकांचा हिशेब राखला, ते आता संगणकात उतरवावयाचे आहे आणि ते काम गावातील शिकलेली मुलेमुलीच करणार आहेत. म्हणून मी मुख्यतः त्यांच्याशी बोलणार आहे. वडीलधाऱ्यांनी साक्षीला असावे.

ह्या तरुणांच्या बैठकीत नव्या यंत्रांच्या वार्तांना तोटा नसतो. अमुक कंपनीचा फोन येणार, तमुक संगणक निम्म्या किमतीत मिळणार! असा नाद निरुपद्रवी असतो. पण अशा वार्तांवर बेत आखू लागलो की 'बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी' अशी गत होते. आपल्याच देशातील उदाहरणे पाहा. खेड्यातील निरक्षर माणसालाही वापरता यावा, अशा उदात्त हेतूने बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी 'सिम्प्युटर' घडविला. २००१ पासून त्याची चर्चा होती. २००४ साली तो बाजारात आला, पण खेड्यांत रुजला नाही. २००९ साली दहा डॉलरच्या लॅपटॉपचा गाजावाजा झाला आणि प्रत्यक्षात दाखविले गेले ते लॅपटॉप नव्हतेच. २०११ साली विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' टॅब्लेट आला. त्याच्या संथपणाबद्दल तक्रारी झाल्या. २०१६ साली तर २५१ रुपयांच्या स्मार्टफोनसाठी देशभर झुंबड उडाली. ह्यांतील काही प्रयत्न प्रामाणिक होते, हे नमूद केलेच पाहिजे. परंतु त्यांची वाट पाहत कोणी आपले काम थांबविले असेल, तर त्याची ती वर्षे फुकट गेली.

ह्याउलट दुसरे उदाहरण पुण्याचे. अमेरिकेने महासंगणक देण्यास नकार दिल्यावर १९८८ साली 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' उभा राहिला. तो उभारला कसा? बाजारात मिळणारे लहान लहान प्रोसेसर एकत्र जोडून, त्यांच्याकडून एकच काम वाटून करवून घेऊन. जे हाताशी होते त्याची नीट जुळणी केली, हेच त्या यशाचे मर्म. ग्रंथालयाच्या कामालाही तोच मार्ग लागू आहे. जुना संगणक पुरेल. काही नियम मात्र काटेकोरपणे पाळले पाहिजेत.

पहिला नियम लिपीचा. नव्वदच्या दशकात आपण ज्या फॉन्टांनी मराठी टंकलिखित केली, त्यांतील अनेकांत अक्षराच्या आकारामागे इंग्रजी अक्षराचाच संकेतांक दडलेला असे. तो फॉन्ट नाहीसा झाला की याद्यांचे निरर्थक चिन्हांत रूपांतर होते. कष्टाने केलेल्या याद्या अशा वाचता न येण्याजोग्या झाल्या, ही लहान हानी नव्हे. म्हणून प्रत्येक नोंद युनिकोडमध्येच करावी. त्यात अक्षराचा संकेतांक सर्व यंत्रांवर एकच असतो. शिवाय मराठी आणि कन्नड पुस्तके एकाच सूचीत सुखाने नांदू शकतात. आपल्या भागात ह्याचे मोल वेगळे सांगावयास नको.

तरीही युनिकोडने सारे प्रश्न सुटत नाहीत. आचार्य अत्रे यांच्या आत्मचरित्राचे नाव 'कऱ्हेचे पाणी'. त्यातील 'ऱ्ह' दोन निरनिराळ्या संकेतांनी लिहिता येतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, परंतु एका रीतीने लिहिलेले नाव दुसऱ्या रीतीने शोधले तर संगणक 'पुस्तक नाही' असे खुशाल सांगतो. कपाटात पुस्तक असून वाचक रिकाम्या हाताने परततो. यासाठी शोध घेण्यापूर्वी दोन्ही रूपे एक करणारी तजवीज आज्ञावलीतच करावी. अनुक्रमाचेही तसेच. संकेतांकांच्या क्रमाने गेल्यास 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्यामध्ये येतो. आपण तो 'ह' नंतर म्हणतो. 'ज्ञानेश्वरी' 'ज'खाली शोधावयाची की वर्णमालेच्या अखेरीस, हे ग्रंथपालाने आधी ठरवावे आणि मग संगणकाला सांगावे.

दुसरा नियम वर्षाचा. सन नेहमी चार अंकी लिहावा. जागा वाचविण्यासाठी दोनच अंक लिहिण्याच्या सवयीमुळे २००० साल उजाडताना जगभर केवढा खटाटोप करावा लागला, हे आपणांस स्मरत असेल. शंभरी गाठलेल्या ग्रंथालयात तर स्थापनेच्या वर्षाचे आणि शताब्दीच्या वर्षाचे शेवटचे दोन अंक एकच असतात! पहिल्या वर्षीचा ग्रंथ कालच आल्यासारखा दिसेल.

तिसरा नियम नावांचा. वि. स. खांडेकर, विष्णु सखाराम खांडेकर आणि खांडेकर वि. स. ही माणसाला एकच व्यक्ती, यंत्राला तीन. आडनाव आधी, ही पद्धत ठरवून ती कागदावर लिहून भिंतीला लावावी.

चौथा नियम जपणुकीचा. सूचीच्या तीन प्रती असाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या इमारतीत असावी. वर्षातून एकदा त्या प्रतीवरून सारी सूची पुन्हा उभी करून पाहावी, कारण उघडून न पाहिलेल्या प्रतीचा भरवसा नसतो. आज्ञावली कोणतीही घ्या, पण त्यातून सर्व नोंदी साध्या मजकुराच्या रूपात बाहेर काढता आल्या पाहिजेत. ग्रंथालयांसाठी मुक्त स्वरूपात मिळणारी 'कोहा' ही आज्ञावली न्यूझीलंडमधील एका ग्रामीण भागातील ग्रंथालयांसाठी घडली आणि २००० साली सर्वांना खुली झाली. लहान जागी केलेले काम जगाच्या उपयोगी पडते, ह्याचा हा पुरावा आहे.

तरुण मित्रांनो, आरंभ दहा पुस्तकांनी करा. त्यांत मुद्दाम अवघड नावे घ्या. ती दहा ग्रंथपालांना आणि एखाद्या वृद्ध वाचकाला शोधावयास द्या. कोठे अडते ते पाहा, दुरुस्त करा आणि मगच हजारांकडे वळा. एखादा बदल का केला, तेही लिहून ठेवा. पुण्याला किंवा बंगळूरला नोकरीस गेलात, तर मागून येणाऱ्याला ते टिपण लागेल.

पूर्वसुरींनी रजिस्टराच्या प्रत्येक ओळीत पुस्तकाचे नाव स्वच्छ अक्षरांत लिहिले, म्हणून आज आपण ते वाचू शकतो. पुढील शंभर वर्षांनंतर कोणती यंत्रे असतील, ह्याविषयी तर्क करण्यात अर्थ नाही. ती कोणतीही असोत, आपली नोंद त्यांना वाचता यावी, एवढे आपल्या हाती आहे.