किनाऱ्यावरील नारळ-सुपारी वाडी : वारा, वाळू आणि पाणी

(किनारपट्टीवरील बागायतदारांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आज आपण ज्या जमिनीवर बसलो आहोत ती समुद्राने टाकलेली वाळू आहे. श्रीवर्धन, दिवेआगर, गुहागर, मुरूड, तारकर्ली अशा गावांतील बऱ्याच वाड्या अशा वाळूवर उभ्या आहेत. मालवण तालुक्यातील देवबाग तर एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी यांच्यामधील वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्यावर वसलेले गाव आहे. अशा जमिनीत माड आणि पोफळ उत्तम येतात, हे आपल्या पूर्वजांनी दाखवून दिले. पण ही जमीन डोंगरातल्या कातळासारखी स्थिर नाही. तिच्यावर राहण्याचे काही नियम आहेत. ते पाळले तर वाडी पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

दिनांक ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. काही तासांत माड मोडले आणि पोफळी काडीसारख्या आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळाने सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीला तडाखा दिला. त्यानंतर मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न असा : "साहेब, आता पुन्हा लावायचे की विकून मोकळे व्हायचे?" पोफळ लावल्यापासून उत्पन्न सुरू व्हायला पाच-सहा वर्षे आणि बाणवली माडाला सहा ते आठ वर्षे लागतात. साठीच्या बागायतदाराने हा प्रश्न विचारला तर त्यात नवल नाही. या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी तीन गोष्टी समजून घेऊ.

१. वाळूचा बांध मोडू नका

आपली जुनी गावे आठवा. समोर रस्ता, रस्त्याला लागून घर, घरामागे वाडी, वाडीच्या शेवटी केवडा, उंडी आणि सुरू, मग वाळूची टेकाडे आणि त्यापलीकडे समुद्र. घर समुद्रापासून सर्वांत लांब होते. ही रचना पूर्ण विचाराने केलेली होती.

पावसाळ्यात मोठ्या लाटा पुळणीवरची आणि टेकाडांची वाळू ओढून नेतात. ती किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर साचते आणि तेथेच लाटांचा जोर मोडते. दिवाळीनंतर समुद्र शांत झाला की मंद लाटा तीच वाळू परत आणून टाकतात. म्हणजे टेकाड ही आपली वाळूची पेवे आहेत. ते सपाट करून गाड्या उभ्या करायला जागा केली किंवा वाळू विकली, तर उधाणाच्या दिवशी लाटांना द्यायला आपल्याकडे वाडीखेरीज काही उरत नाही.

दगडी भिंतीबद्दलही सांगतो. जेथे घरे थेट धोक्यात आहेत तेथे धूपप्रतिबंधक बंधारा लागतो, हे मान्य. पण उभ्या भिंतीवर आपटून लाट परत फिरते आणि पायथ्याची वाळू खरवडते. भिंतीच्या टोकाला शेजाऱ्याची जमीन अधिक वेगाने कापली जाते. म्हणून एकट्याने आपल्यापुरती भिंत घालू नये. संपूर्ण किनाऱ्याचा विचार गावाने एकत्र करावा. टेकाडावर मर्यादवेल वाढू द्यावी, त्यामागे केवडा आणि मग उंडी व सुरू अशी चढती रांग ठेवावी. निसर्ग वादळात सुरूही पुष्कळ पडले, म्हणून एकाच झाडावर भिस्त ठेवू नये. वारा थोडा आरपार जाईल अशी मिश्र झाडांची पट्टी, तिच्या उंचीच्या सुमारे दहापट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर कमी करते.

खाडीच्या बाजूलाही हेच धोरण ठेवावे. खारबांधासमोरील तिवरांचे रान बांधावर येणारी लाट अडवते. तिवरे तुटली की बांध उघडा पडतो. मग अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खांड पडून खारे पाणी भातखाचरात शिरते. ते मीठ पावसाच्या पाण्याने धुऊन निघेपर्यंत काही हंगाम हातचे जातात. अशा जमिनीत पनवेल-३ सारखे क्षार सहन करणारे भाताचे वाण घ्यावे.

२. वाळूखालचे पाणी

येथे मी माझीच चूक सांगतो. आमच्या वाडीत वडिलांच्या वेळी रहाट होता. रेडा दमला की रहाट थांबे आणि विहीर पुन्हा भरे. मी नोकरीला लागल्यावर हौसेने पाच अश्वशक्तीचा पंप बसवला. उन्हाळ्यात पाणी कमी पडू लागले म्हणून विहीर आणखी दहा फूट खोल केली. वडील म्हणाले, "तळाला हात लावू नकोस." मी शिकलेला होतो, ऐकले नाही. तिसऱ्या उन्हाळ्यात पोफळीच्या पानांचे शेंडे करपू लागले. चौथ्या उन्हाळ्यात आईने चहाचा पहिला घोट घेऊन कप खाली ठेवला आणि म्हणाली, "पाणी मचूळ लागते." अर्धी पोफळ त्या विहिरीने नेली. नंतर दुसऱ्या बाजूला उथळ विहीर काढावी लागली.

असे का होते? वाळूखाली समुद्राचे खारे पाणी असते. पावसाचे गोडे पाणी त्याच्यापेक्षा हलके असल्याने त्यावर तरंगते. समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडे पाणी साठले, तर त्याच्या भाराने समुद्रसपाटीखाली सुमारे चाळीस फुटांपर्यंत गोडे पाणी टिकते. याचा उलटा अर्थही ध्यानात घ्या. उपशाने वरची पातळी एक फूट कायमची खाली गेली, तर खारे पाणी कालांतराने चाळीस फूट वर येऊ शकते. त्यामुळे वाळूतली विहीर खोल केल्याने गोडे पाणी वाढत नाही, खारे पाणी मात्र जवळ येते. म्हणून पुढील काळजी घ्यावी.

(अ) कूपनलिका खोदू नये. एका खोल विहिरीपेक्षा अंतर ठेवून दोन-तीन उथळ विहिरी बऱ्या.

(ब) लहान पंप वापरून थोडा-थोडा वेळ, थांबून-थांबून उपसा करावा. पाटाने पाणी देण्याऐवजी ठिबक सिंचन वापरावे आणि आळ्यात झावळ्या व सोडणे यांचे आच्छादन करावे.

(क) एप्रिल-मे मध्ये पाण्याचा नमुना तपासून घ्यावा. क्षारता ०.७५ पर्यंत चांगली. २.२५ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेल्यास ते पाणी पोफळ व मसाला पिकांना देऊ नये. माड त्यामानाने जास्त क्षार सोसतो.

(ड) कोकणात वर्षाला साधारण ३००० मि.मी. पाऊस पडतो. पागोळीचे पाणी समुद्राकडे न सोडता वाडीतच चरात मुरवावे. अंगण सिमेंटने झाकू नये.

सागरी किनारा नियमनाची अधिसूचना प्रथम १९९१ मध्ये निघाली आणि पुढे २०११ व २०१९ मध्ये नव्याने आली. भरतीरेषेलगतचा भूजल उपसा आणि बांधकाम यांवर तिच्यात निर्बंध आहेत. पर्यटकांसाठी खोल्या बांधताना हे आधी पाहून घ्यावे. दहा खोल्यांचे नळ आणि शोषखड्डे त्याच वाळूत, त्याच पाण्याला लागून असतात, हेही विसरू नये.

३. वादळानंतरची वाडी

पडलेले माड वाडीत कुजत ठेवू नयेत. कुजलेल्या खोडात गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि पुढील वर्षी उभ्या माडांचे कोंब खातो. खोडे चिरून वापरावीत, उरलेला भाग बारीक करून खत करावे. शेणखताच्या खड्ड्यात मेटारायझियम ही हिरवी बुरशी मिसळल्यास भुंग्याच्या अळ्या मरतात. खोडावरील जखमांतून सोंड्या भुंगा शिरतो, म्हणून जखमा स्वच्छ करून त्यांवर बोर्डो पेस्ट लावावी. कोंब हलला असल्यास शेंड्यावर एक टक्का बोर्डो मिश्रण ओतावे. कलंडलेली तरुण झाडे सरळ करून मातीची भर व टेकू द्यावा. माडाची सावली गेल्याने उघड्या पडलेल्या पोफळीच्या खोडांना नैर्ऋत्य बाजूने चुना लावावा, नाहीतर ती उन्हाने भाजतात.

नवीन लागवड करताना माडात ७.५ मीटर अंतर ठेवावे. मधल्या जागेत पहिल्या वर्षापासून केळी आणि अननस घ्यावा. सावली झाल्यावर जायफळ, काळी मिरी आणि दालचिनी लावावी. त्यामुळे माड धरेपर्यंत घर चालते आणि एका पिकावर सगळा भार राहत नाही.

आता पहिल्या प्रश्नाकडे येतो. लावायचे की विकायचे? ज्याची विहीर गोडी आहे आणि ज्याच्या वाडीपुढे वाळूचे टेकाड शाबूत आहे, त्याने निःशंकपणे लावावे. ज्याचे टेकाड गेले आहे त्याने आधी शेजाऱ्यांना घेऊन ते उभे करावे आणि मग लावावे. विकायचेच झाले तर समुद्राकडचे टोक तोडून विकू नये. ते टोक गेले की मागची वाडी तुमची राहिली तरी तिचे संरक्षण तुमच्या हाती राहत नाही, आणि शेजाऱ्याचेही जाते.

माझ्या वाडीत निसर्ग वादळात सत्तावीस माड पडले. त्याच पावसाळ्यात मी तीस रोपे लावली. त्यांचे नारळ मला किती खायला मिळतील हे सांगता येत नाही. पण उथळ विहिरीचे पाणी अजून गोडे आहे, आणि नातू आळ्यात पाणी घालतो. आपणही यंदाच्या पावसाळ्यापूर्वी आपली विहीर तपासावी, टेकाडावर केवडा लावावा आणि मगच रोपांसाठी खड्डे घ्यावेत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.