इंग्रजीतील वर्तमानकाळ आणि मराठी विद्यार्थी

बीदर शहराला लागून असलेल्या नौबादेत मराठी, कानडी व उर्दू या तिन्ही भाषा एकाच बाजारात कानी पडतात. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बीदरचा बराचसा भाग हैदराबाद संस्थानाच्या वारशातून निघून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, समाविष्ट झाला. अशा प्रदेशातील विद्यार्थ्याला भाषांची भीती वाटू नये. तथापि इंग्रजीचा वर्तमानकाळ आला की तोही अडखळतो; आणि त्याचे कारण त्याच्या बुद्धीत नसून त्याच्या मातृभाषेच्या सवयीत आहे.

निरोप घेणारा मराठी माणूस ‘येतो’ म्हणतो, आणि जातो. हाक मारल्यावर ‘आलोच’ म्हणतो, तेव्हा तो निघालेलाही नसतो. कानडी शेजारी तर ‘होगि बरुत्तेने’ म्हणतो. त्यातील ‘बरुत्तेने’ वर्तमानाचे व भविष्याचे दोन्ही काम करते. आपल्या भाषांत क्रियापदाचे रूप सैल असते आणि प्रसंग अर्थ पुरवतो. इंग्रजीत हा भार रूपालाच वाहावा लागतो.

‘काय करतोस?’ या एका मराठी प्रश्नाचे इंग्रजीत दोन प्रश्न होतात. ‘व्हॉट डू यू डू?’ म्हणजे व्यवसाय कोणता, आणि ‘व्हॉट आर यू डूइंग?’ म्हणजे या क्षणी काय चालले आहे. मुलाखतीत पहिल्या प्रश्नाला दुसऱ्याचे उत्तर देणारा उमेदवार हास्यास्पद ठरतो, आणि बिचाऱ्याला त्याचे कारणही कळत नाही.

मांजरा नदी बीदर जिल्ह्यातून वाहते. उन्हाळ्यात तिची धार क्षीण झाली, तरी इंग्रजीत ‘द मांजरा फ्लोज’ असेच म्हणावे, कारण तो नदीचा स्थायी धर्म आहे. ‘इज फ्लोइंग’ म्हटल्यास आज डोळ्यांसमोर चाललेल्या प्रवाहाचे वर्णन होते. तसेच ‘मला माहीत आहे’ यातील ‘आहे’मुळे ‘आय अ‍ॅम नोइंग’ असे लिहिण्याचा मोह होतो. जाणणे, आवडणे, मालकीचे असणे या क्रिया नसून अवस्था आहेत. त्यांना ते ‘इंग’ सहसा शोभत नाही.

सर्वांत अवघड जागा मात्र ‘आहे’ लावलेल्या भूतकाळाची. नौबादचे भूमिगत जलमार्ग, ज्यांना करेझ म्हणतात, ते बहामनी काळातील मानले जातात. ‘हे पंधराव्या शतकात बांधले आहेत’ हे मराठी वाक्य निर्दोष आहे. पण इंग्रजीत शतक, साल वा ‘काल’ असा सरलेला काळ सांगितला की ‘हॅव’ गळून पडते आणि ‘वर बिल्ट’ असेच म्हणावे लागते. ‘हॅव’चे नाते आजशी असते, मागे घडलेल्या गोष्टीचा धागा वर्तमानापर्यंत पोचला, तरच ते वापरावे. तर्खडकरांच्या भाषांतरमालेवर इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांना नियम पाठ असत, पण हा धागा किती जणांच्या हाती लागला, ही शंकाच आहे.

याच्या उलट, ‘तो दहा वर्षांपासून नौबादेत राहतो’ येथे मराठी साधा वर्तमानकाळ वापरते, आणि इंग्रजीला ‘हॅज बीन लिव्हिंग’ हवे असते. शिवाय ‘पासून’ हा शब्द मराठीत ‘1956 पासून’ व ‘दहा वर्षांपासून’ असा दोन्हीकडे चालतो. इंग्रजीत आरंभाच्या क्षणाला ‘सिन्स’ आणि कालावधीला ‘फॉर’. ‘ही इज लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स’ या एका वाक्यात दोन चुका आहेत, आणि ते आपल्याकडच्या अर्जांत हमखास आढळते.

समजा, एखाद्या तरुणाने दुकानात दोन वर्षे काम करून ते सोडले आहे. त्याने अर्जात ‘आय वर्क्ड’ लिहावे. ‘आय हॅव बीन वर्किंग’ लिहिले, तर तो अजून तेथेच आहे असे वाचणारा समजेल, आणि रुजू केव्हा होणार, असे विचारील.