संगणकातील पुरावा आणि आपली विवेकबुद्धी

(यवतमाळ येथील विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही ज्या विषयावर बोलणार आहोत, तो वरवर पाहता तंत्रज्ञांचा वाटेल. परंतु त्याचा संबंध आपल्या जिल्ह्याशी आहे. वणी तालुक्यातील राजूर या गावी जन्मलेले, मजुराच्या घरातून शिकून मोठे झालेले विचारवंत डॉ. आनंद तेलतुंबडे यांनी 14 एप्रिल 2020 रोजी, म्हणजे बाबासाहेबांच्या जयंतीच्याच दिवशी, राष्ट्रीय तपास यंत्रणेपुढे शरणागती पत्करली. 26 नोव्हेंबर 2022 रोजी, संविधान दिनी, ते जामिनावर बाहेर आले. मधली अडीच वर्षे तुरुंगात गेली. त्यांच्याविरुद्ध मांडलेल्या पुराव्यात इतरांच्या संगणकांतून मिळालेली पत्रे होती. म्हणून प्रश्न असा की, संगणकात सापडलेले पत्र त्या संगणकाच्या मालकाचेच असते काय?

जुन्या काळी एखाद्याला गुंतवायचे झाल्यास रात्री त्याच्या कोठ्यात चोरीचा कापूस टाकून सकाळी झडती आणवीत. आता कोठ्याची जागा संगणकाने घेतली आहे. पण मित्रहो, असा संशय येणे वेगळे आणि तो सिद्ध होणे वेगळे. हा फरक कळावा म्हणून आम्ही दोन उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण इटलीतील. मिलान शहरात 'हॅकिंग टीम' नावाची कंपनी सरकारांना पाळतीचे सॉफ्टवेअर विकत असे. जुलै 2015 मध्ये तिचीच घरफोडी झाली. सुमारे 400 गिगाबाइट माहिती, सॉफ्टवेअरच्या मूळ कोडसह, जगापुढे उघडी पडली. त्या कोडमध्ये काही ओळी सापडल्या. बॉम्बच्या आराखड्याची फाइल, मुलांच्या अश्लील चित्रफितीची फाइल, अशी नावे तिथे लिहिलेली होती. लगेच जगभर ओरड झाली की हे सॉफ्टवेअर लोकांच्या संगणकात खोटा पुरावा पेरते.

कंपनीचा धंदा वाईटच होता. परंतु ज्यांनी त्या ओळी शांतपणे वाचल्या, त्यांना वेगळे दिसले. तो भाग चाचणीसाठी नमुन्याची नोंद तयार करणारा होता. फाइलचे नाव दिलेले नसेल तर तीन नावांपैकी कोणतेही एक उचलावे, एवढेच तिथे सांगितले होते. फाइलच्या मार्गात 'पिप्पो' आणि 'प्लूटो' अशी नावे होती. ही कार्टूनमधील पात्रे. आपले गुरुजी गणितात रामू-शामू घेतात, तशी इटलीतील प्रोग्रामर मंडळी ती घेतात. ती ओळ कोणाच्या संगणकात काही लिहीत नव्हती. अर्थात त्यावरून कंपनी निर्दोष ठरत नाही. दुसऱ्याच्या संगणकावर ताबा मिळवणाऱ्या सॉफ्टवेअरला तिथून फाइल आणता येते, तशी तिथे ठेवताही येते. पण त्या तीन ओळी त्याचा पुरावा नव्हत्या.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे. 31 डिसेंबर 2017 रोजी पुण्यात शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली. दुसऱ्या दिवशी, 1 जानेवारी 2018 रोजी, भीमा कोरेगावच्या लढाईला 200 वर्षे पूर्ण होत असताना अभिवादनासाठी जमलेल्या लोकांवर हल्ले झाले. त्यानंतर परिषदेच्या गुन्ह्यात एकूण 16 जणांना अटक झाली. त्यांत नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग आणि प्राध्यापिका शोमा सेन होत्या.

दिल्लीचे रोना विल्सन यांचा संगणक 17 एप्रिल 2018 रोजी जप्त झाला होता. त्याची प्रत बचाव पक्षाच्या वतीने अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने तपासली. फेब्रुवारी 2021 मधील तिचा अहवाल सांगतो की, 13 जून 2016 रोजी आलेल्या ई-मेलमधील फाइल उघडताच 'नेटवायर' हे सॉफ्टवेअर आत शिरले आणि संगणक 22 महिने परक्याच्या ताब्यात राहिला. आक्षेपार्ह पत्रे एका लपवलेल्या फोल्डरमध्ये होती. ती विल्सन यांनी कधी उघडल्याचा मागमूस नाही. काही पत्रे वर्ड 2010 किंवा 2013 मध्ये तयार झालेली, आणि त्या संगणकात तर वर्ड 2007 होते!

पुढे गडलिंग यांच्या संगणकाबाबतही याच संस्थेने असेच निष्कर्ष काढले. फादर स्टॅन स्वामी यांच्या संगणकाचा अहवाल डिसेंबर 2022 मध्ये आला. त्यांच्या संगणकातही चाळीसहून अधिक फाइली पेरल्याचे त्यात म्हटले आहे. परंतु वयाच्या 84 व्या वर्षी, 5 जुलै 2021 रोजी, कोठडीत असतानाच त्यांचे निधन झाले होते. अहवाल वाचायला ते राहिले नाहीत.

येथेही विवेक सोडू नये. तपास यंत्रणेने हे अहवाल मान्य केलेले नाहीत. खासगी संस्थेचा अहवाल आरोपपत्राचा भाग नाही, हे खटल्यात तपासले जाईल, अशी तिची भूमिका आहे. कोणी पेरले, त्याचे नाव आर्सेनलने सांगितलेले नाही. जानेवारी 2025 मध्ये विल्सन आणि सुधीर ढवळे यांना उच्च न्यायालयाने जामीन दिला, तेव्हाही आरोप निश्चित व्हायचे होते आणि साक्षीदार 300 हून अधिक होते. म्हणजे पुरावा खरा की खोटा, हे ठरण्याआधीच माणसांची सहा-सहा वर्षे गेली. आमची तक्रार आहे ती ही.

दोन्ही उदाहरणांत फरक काय? इटलीच्या बाबतीत लोकांनी नावे पाहिली आणि निष्कर्ष काढला. इथे फाइल कधी आली, कशातून आली, कोणी उघडली, याच्या खुणा तपासल्या गेल्या. काळ्या मातीत पाऊल उमटतेच, तसे संगणकातही उमटते. ते वाचणारा हवा. कालामांना तथागतांनी हाच मार्ग दाखवला होता. ऐकीव आहे म्हणून मानू नका, आपल्या बाजूचे आहे म्हणूनही मानू नका, पारखून घ्या.

विद्यार्थी मित्रहो, तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, ओळखीच्या माणसाच्या नावाने आलेली फाइलसुद्धा विचारल्याशिवाय उघडू नका. दुसरी, संगणक किंवा मोबाइल जप्त होत असेल तर पंचनाम्यात 'हॅश' नोंदवण्याचा आग्रह धरा. हॅश म्हणजे आतील मजकुरावरून निघणारा आकडा; एक अक्षर बदलले तरी तो बदलतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालील प्रमाणपत्रात हॅशची नोंद असते, आणि झडती-जप्तीचे चित्रीकरण करणे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 ने आवश्यक केले आहे. तिसरी आणि मोठी गोष्ट, तुमच्यापैकी काहींनी हे शास्त्र शिका. आमच्या पिढीने वकील घडवले. उद्या आपल्याच वस्तीतला कोणी संगणकातील पाऊलखुणा वाचणारा असला, तर त्यासाठी अमेरिकेकडे पाहावे लागणार नाही.

बाबासाहेबांनी आपल्या हाती कायदा दिला. त्या कायद्यापुढे येणारा पुरावा वाचण्याची विद्या आपण मिळवू या.

जय भीम! जय भारत!