तिकिटाचा अर्धा तुकडा



कार्यकारिणीने मला माझ्या छंदाविषयी चार शब्द बोलावयास सांगितले आहे. नाटके, सभा, सामने यांची जुनी तिकिटे जमविणे हा माझा छंद. पोस्टाची तिकिटे जमविणाऱ्याला लोक रसिक म्हणतात, पण नाटकाच्या तिकिटाचा फाटका तुकडा जपणाऱ्या बाईला घरची माणसे विचारतात, "हा कचरा कशाला?" त्या प्रश्नाचे उत्तर द्यावे, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

डोअरकीपर तिकीट फाडतो, अर्धे स्वतःकडे ठेवतो आणि अर्धे आपल्या हाती देतो. त्याबरोबर त्या तुकड्याचे काम संपले, असे आपल्याला वाटते. खरे पाहता त्याचे दुसरे काम तेथूनच सुरू होते. कार्यक्रम झाला, हे वर्तमानपत्र सांगते. पण कोणीतरी घरातून निघून तेथे गेले, पदरचे पैसे मोजले आणि अमक्या खुर्चीवर बसले, याची साक्ष हा तुकडा देतो.

एक प्रसिद्ध उदाहरण सांगते. अमेरिकेत वॉशिंग्टन शहरी फोर्ड्‌स थिएटरमध्ये 14 एप्रिल 1865 च्या रात्री 'अवर अमेरिकन कझिन' हे विनोदी नाटक होते. लॉरा कीन या नटीच्या मदतीसाठी लावलेला तो खेळ. आपण ज्याला बेनिफिट म्हणतो, तसा. ही बाई नुसती नटी नव्हती. न्यूयॉर्कात तिने स्वतःचे नाटकगृह चालविले होते. त्या काळी बाईमाणसाला ही लहान गोष्ट नव्हती. त्या रात्री बॉक्स सोडले तर तिकिटांचे दर पाव डॉलरपासून एक डॉलरपर्यंत होते. खेळ रंगात असताना प्रेसिडेंट लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा अंत झाला.

त्या रात्रीची सज्ज्यातल्या पुढल्या रांगेची दोन तिकिटे 2023 साली लिलावात 2,62,500 डॉलरला गेली. ती खरी कशावरून? हार्वर्ड विद्यापीठाच्या हौटन ग्रंथालयात त्याच रात्रीचे वापरलेले एक तिकीट आहे. त्यावरचा तारखेचा गोल शिक्का आणि या दोन तिकिटांवरचा शिक्का अगदी सारखा आहे. शिवाय 41 आणि 42 हे खुर्च्यांचे आकडे पेन्सिलीने लिहिलेले आहेत, आणि दीडशेहून अधिक वर्षांनंतरही ते वाचता येतात.

पैशाचा आकडा ऐकून कोणी ट्रंका उपसायला धावू नये! मला मोल वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. त्यानंतर तीन वर्षांनी, 1868 मध्ये, त्याच शहरात प्रेसिडेंट अँड्र्यू जॉन्सन यांच्यावर सिनेटपुढे महाभियोग चालला. पाहणाऱ्यांची इतकी झुंबड उडाली, की गॅलरीसाठी रोजची 1000 तिकिटे छापावी लागली, आणि दर दिवसाचा रंग निराळा ठेवावा लागला. त्या गॅलरीत बायकांची गर्दी मोठी असे. अमेरिकेतील स्त्रियांना देशभर मताचा हक्क मिळाला तो 1920 साली. म्हणजे खाली बसून मत देण्याची मुभा नव्हती, पण वर बसून सारे पाहण्याचे तिकीट मात्र त्यांच्या हाती होते. असे एखादे रंगीत तिकीट पाहिले, की मला प्रेसिडेंटसाहेबांच्या आधी त्या बायकाच आठवतात.

आता आपल्याकडे वळू. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत बालीवाला थिएटरात 'संयुक्त मानापमान' झाले. टिळक स्वराज्य फंडासाठी ललितकलादर्श आणि गंधर्व नाटक मंडळी या दोन कंपन्या एकत्र आल्या. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी! त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच केशवराव गेले. ते गाणे आता कुणाच्याही कानी पडायचे नाही. पण एखाद्या आजेसासूबाईंच्या पेटीत, पोथीच्या पानांत, त्या रात्रीचा तुकडा दडलेला असला, तर आपल्या घरातले कोणी ते गाणे ऐकून आले होते, एवढे तरी कळेल. मोठ्या माणसांची चरित्रे लिहिली जातात; समोर बसून ऐकणाऱ्या बाईचे नाव कुठेच नसते. तिकिटावरही नसते. म्हणून ते आपणच लिहून ठेवायला हवे.

हे काम आजच करायचे, कारण तिकिटाचा कागदच नाहीसा होत चालला आहे. पुष्कळ तिकिटे आता मोबाइलवर येतात. दारात ठिपक्यांचा चौकोन दाखविला की झाले. जी कागदावर मिळतात, त्यांतली कित्येक उष्णतेने उमटणाऱ्या छपाईची असतात. ती अक्षरे थोड्या वर्षांत पुसट होतात. त्यांचा फोटो किंवा झेरॉक्स लगेच काढून ठेवावी.

जुन्या तिकिटाला चिकटपट्टी लावू नये, डिंकाने वहीत चिकटवू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. एकदा केले की ते निघत नाही. स्वच्छ कागदाच्या पाकिटात, उन्हापासून आणि पावसाळी ओलीपासून दूर ठेवावे, आणि कसर लागली नाही ना, हे अधूनमधून पाहावे. शाई पसरते. म्हणून पाकिटावर आत तिकीट घालण्यापूर्वीच पेन्सिलीने लिहावे: कोण गेले, कोणाबरोबर गेले, काय पाहिले.

शेवटी एक विनंती. आपले मंडळ नाटकाचा खेळ घेते, सहल काढते, हळदीकुंकवाला व्याख्यान ठेवते. हिशेबाच्या वहीत तिकिटांचे पैसे जमा होतात, तिकीट मात्र राहत नाही. यापुढे प्रत्येक कार्यक्रमाचे एक तिकीट चिटणीसबाईंनी दप्तरात ठेवावे आणि सोबत आलेल्या भगिनींची नावे लिहावीत. ज्यांच्या घरी जुनी तिकिटे असतील, त्यांनी ती घेऊन यावे. आपण मिळून पाकिटे करू आणि नावे लिहू. ज्या आजीबाईंना त्या कार्यक्रमांची आठवण आहे, त्यांना आधी विचारू. त्या काम पुढे ढकलण्यासारखे नाही.