भट्टींत वृद्ध झालेला धातु

हिंगोली जिल्ह्यांतील शिरड शहापूरच्या शिवारांत हळदीला युरिया घालणाऱ्या शेतकऱ्यास, त्या शुभ्र दाण्यांमागें एक प्रचंड भट्टी धगधगत असते याची कल्पना क्वचितच असेल. १९७८ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या सरकारी कंपनीच्या अलिबागजवळील थळ येथील कारखान्यांत युरिया होतो. त्यासाठीं अमोनिया लागतो, आणि अमोनियासाठीं हायड्रोजन. नैसर्गिक वायु व वाफ हीं भट्टींतील उभ्या नळ्यांतून सोडलीं, म्हणजे आंतील निकेलयुक्त उत्प्रेरकाच्या साह्यानें हायड्रोजन मोकळा होतो. अशा नळ्या सुमारें ९०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापतात, शिवाय आंतून वायूचा दाब सोसतात. साधें पोलाद तेथें तग धरीत नाहीं.

म्हणून त्या ओतीव मिश्रधातूच्या करतात. एचके-४० या प्रसिद्ध जातींत शेंकडा २५ भाग क्रोमियम, २० भाग निकेल व ०·४ भाग कार्बन असतो. हा कार्बन हेंच तिचें बळ, आणि वार्धक्यांत तोच तिचा वैरी. वर्षानुवर्षें तापत राहिल्यानें तो क्रोमियमशीं संयोग पावून धातूच्या पोटांत सूक्ष्म, कठीण कण बनवितो. तापलेली असतांना नळी आपलें काम करीतच असते. दुरुस्तीसाठीं भट्टी निवविली म्हणजे मात्र ती किती ठिसूळ झाली आहे हें उघड होतें.

वेल्डिंग करणाऱ्याची अडचण येथेंच सुरू होते. सांध्याचा रस थिजतांना आकसतो व शेजारच्या धातूस ओढतो. नवा धातु थोडा ताणून घेतो. जुना तडकतो, आणि तोहि सांध्यांत नव्हे, सांध्याच्या कडेला. ओतीव लोखंडाची फुटकी कढई घाईनें सांधूं पाहणाऱ्या लोहारास हा अनुभव नवा नाहीं.

उपाय आहे, पण तो खर्चाचा. सांध्याच्या दोन्ही बाजू ११५० ते १२०० अंशांपर्यंत तापवून कांहीं तास तशाच ठेवल्या, तर ते कण पुन्हां विरघळतात आणि गेलेला लवचिकपणा बराचसा परततो. मूळचा हा धातु लोहचुंबकास दाद देत नाहीं. जेथें चुंबक चिकटतो, तेथील क्रोमियम खर्चीं पडलें असें समजून तो थर आधीं घासून काढावा लागतो. मग वेल्डिंगचे बारीक थर, एक निवल्यावर दुसरा, असे द्यावयाचे.

परंतु दीर्घ ताणानें आंत पडलेलीं सूक्ष्म छिद्रें अशा तापविण्यानें बुजत नाहींत. कसबी माणसानें सुंदर सांधा द्यावा, आणि नळी त्याच्या वीतभर पलीकडे फुटावी! म्हणून एखादी नळी गळूं लागली, तर पुष्कळदां तिला सांधीतच नाहींत. भट्टी चालू ठेवून तिच्या टोकांच्या बारीक जोडनळ्या दाबयंत्रानें चिमटून बंद करतात, आणि बाकीच्या नळ्यांवर काम पुढें चालतें. सांधण्याचा सारा खटाटोप राखून ठेवतात तो खालच्या जाड संग्राहक नळासाठीं. त्याच जातकुळीच्या धातूचा हा नळ असा चिमटून टाकतां येत नाहीं. नवा ओतवून आणावयास कित्येक महिने लागतात, आणि तेवढ्यांत एक खरीप निघून जातो.