मुलाच्या कलाने
(मुळशी तालुक्यातील पालकांपुढे केलेले भाषण)



जत्रेत ढोल वाजला, की एखादे पोर कान दाबून पळते. दुसरे एखादे भाताच्या राशीत हात खुपसून तासभर बसते. हाक मारली तरी बघत नाही. मग कोणी म्हणतं, "याला बाहेरची बाधा झालीय." कोणी भगताकडे नेतं. मंडळी, बाधा कसली नाही. या मुलांची वाढ निराळ्या चालीने होते. आवाज, उजेड, स्पर्श, वास हे त्यांना फार जास्त लागतात, नाहीतर फार कमी.

१९७० नंतरच्या वर्षांत हॉलंड देशात यान हुल्सेगे आणि आद फेरहूल या दोघांनी अशा लोकांसाठी खास खोली केली. मंद उजेड. नळीतल्या पाण्यात चढणारे बुडबुडे. मऊ गाद्या, हळू गाणे, सुवास. तिला नाव दिले स्नूझेलेन. हुंगणे आणि डुलकी घेणे, या तिकडच्या दोन शब्दांची ही जोड. नाव गमतीचे, पण बरोबर आहे. तिथे मुलाला धडा द्यायचा नसतो. ते जे निवडील, ते करू द्यायचे.

खोलीने मूल बरे होते का? नाही. तसे सांगून कोणी पैसे मागितले, तर देऊ नका. खोलीत पुष्कळ मुले शांत होतात. पण बाहेर आल्यावर ते टिकते, याला पुरावा थोडा आहे. २०२१ साली ब्रिटनमधील कार्डिफ विद्यापीठाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ४१ स्वमग्न मुले होती. दिव्याची, आवाजाची कळ मुलाच्या हाती दिली, तेव्हा त्याचे ध्यान जास्त लागले. खरी गोम इथे आहे. कळ मुलाच्या हाती!

मग आपल्या पडवीचा कोपराही चालेल. जुनी गोधडी, घमेल्यात थोडे पाणी, एक वाटी. टीव्ही बंद. एका वेळी एकच गोष्ट. पोराने हात मागे घेतला, तर ओढू नका. आणि जवळून उठू नका. भाताचा दाणा नाकात जातो, घमेल्यातल्या पाण्यातही मूल बुडते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतात. त्या दिवशी मूल घरात लपवू नका. बरोबर एक वही न्या. मूल कशाने हसले, कशाने बिथरले, ते तारीख घालून आधीच लिहून ठेवा. लिहायला तुम्ही आता शिकलाच आहात. "आज पाण्यात हात घातला. हसला." एवढे लिहिले तरी डॉक्टरांना उपयोगी पडते.