धावणाऱ्याची सायकल



जानेवारीत मुंबई मॅरेथॉन असते. पावसाळा सरताना तयारीला जोर चढतो आणि नेमकी तेव्हाच अनेकांची नडगी किंवा गुडघा कुरकुरू लागतो. धावणं बंद होतं. दोन-तीन आठवडे नुसतं बसून काढले, की कमावलेला दम उतरणीला लागतो. तो राखायला सायकल उत्तम. मात्र ती चालवायची रीत आहे.

धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीएवढा भार एका पायावर येतो. सायकलवर हा दणका बसत नाही. हृदयाला, फुप्फुसांना आणि मांड्यांना काम मात्र भरपूर मिळतं.

आधी सीटची उंची पाहा. टाच पॅडलवर ठेवून पाय अगदी खाली न्या. गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवून चालवताना तो किंचित वाकलेला राहतो. सीट फार खाली असेल, तर गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो.

जड गिअर रेटू नका. मिनिटाला 80 ते 90 फेऱ्या होऊ द्या. मिनिटाला 170 पावलं टाकणाऱ्याचा एकेक पाय 85 वेळा पडतो, म्हणजे पायांची लय तीच राहते. आठवड्यातून दोनदा, अंग गरम झाल्यावर, तीन मिनिटं जोरात आणि दोन मिनिटं सावकाश, असं पाच वेळा करा. जोरात म्हणजे दोन-चार शब्दांपलीकडे बोलता येऊ नये इतकं. एरवी गप्पा मारता येतील असा वेग पुरे.

हाडाला बारीक चीर गेली असेल किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच जागेवरच्या सायकलवर बसा. पॅडलची पूर्ण फेरी मारायला गुडघा साधारण 110 अंश वाकावा लागतो; तोवर अर्ध्या फेरीत पुढे-मागे झुलवणं पुरतं. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला दुखत असेल, तर सायकलनेही ते वाढू शकतं. अशा वेळी थांबा.

खरा धोका परतताना असतो. सायकलने दम शाबूत ठेवलेला असतो, म्हणून पहिल्याच दिवशी दहा किलोमीटर धावावंसं वाटतं. पण हाडं आणि पोटऱ्या जमिनीच्या धक्क्यानेच कणखर होतात, आणि तो त्यांना कित्येक आठवडे मिळालेला नसतो. छाती तयार असते, पाय नसतात. म्हणून अर्धा तास न दुखता चालता येऊ लागलं, की दिवसाआड एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, इथून सुरुवात करा. मधल्या दिवशी सायकल चालू द्या. उभ्याने टाचा उचलण्याचा व्यायामही करा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखलं, तर धावण्याची मिनिटं कमी करा. न दुखता आठवडा गेला, तरच वाढवा. वेग त्यानंतर.